मेंदूतला बिनबोलावलेला पाहुणा

स्कॅनमधील प्रत्येक ‘गाठ’ कर्करोगाची किंवा क्षयाची नसते. फिटमागचे एक दुर्लक्षित कारण

लासूर स्टेशन, प्रतिनिधी : आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन होतो. काळ्या-करड्या फिल्मवर मसुराच्या दाण्याएवढे पांढरे कडे दिसते. अहवालातील इंग्रजी ओळी घरात कोणाला फारशा उलगडत नाहीत. मात्र ‘मेंदूत गाठ’ हे दोन शब्द साऱ्यांना कळतात आणि घरावर आभाळ कोसळते. कोणी कर्करोगाची शंका काढतो, कोणी क्षयाची, तर कोणी बाहेरची बाधा म्हणून देवऋषाचा पत्ता सांगतो. प्रत्यक्षात भारतात अशा एकुलत्या एका लहानशा कड्यामागे बहुतेक वेळा निराळाच अपराधी असतो. तो म्हणजे डुकरामार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीची अळी. आणि स्कॅनमध्ये ती कड्याच्या रूपात दिसते, तेव्हा बहुधा ती मरणपंथाला लागलेली असते.

मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथून छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादचे, घाटी रुग्णालय सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. अंतर तसे फार नाही. परंतु शेतात किंवा बाजारात कोसळलेल्या माणसाला कांदा अथवा चप्पल हुंगविण्यापासून मेंदूच्या स्कॅनपर्यंतचा प्रवास किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. लासूर स्टेशनच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही अशा गावात या प्रवासात दिवस, महिने आणि कधीकधी वर्षे जातात. स्कॅन झाल्यावरही त्यातील ठिपक्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर नको ती औषधे, नको ती भीती आणि नको ती बदनामी पदरी पडते. म्हणूनच हा ठिपका काय आहे, तो मेंदूत येतो कसा आणि जातो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कृमीचा प्रवास

या आजाराचे वैद्यकीय नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस. नाव जिभेला जड असले तरी आजाराचे चक्र समजण्यास अवघड नाही. ‘टीनिया सोलियम’ हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी दोन ते चार मीटर, कधी त्याहूनही अधिक असते. एवढा मोठा जीव पोटात असूनही त्या माणसाला बहुधा फारसा त्रास जाणवत नाही. कृमीच्या शरीराचे पक्व तुकडे शौचावाटे बाहेर पडतात आणि अशा एकेका तुकड्यात हजारो सूक्ष्म अंडी असतात.

उघड्यावर पडलेली ही विष्ठा डुकराने खाल्ली की अंडी त्याच्या पोटात फुटतात. त्यातून निघालेले सूक्ष्म जीव रक्तावाटे स्नायूंत जाऊन बसतात आणि त्यांच्या भोवती पाण्याने भरलेली पुटी तयार होते. असे मांस नीट न शिजविता माणसाने खाल्ले की पुटीतील अळीचा आतड्यात पूर्ण वाढलेला पट्टकृमी होतो. हे नाते सिद्ध करण्यासाठी जर्मनीतील फ्रीड्रिख क्युखेनमायस्टर या वैद्याने १८५५ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या कैद्याच्या अन्नात अशा पुटी मिसळल्या आणि शिक्षेच्या अंमलबजावणीनंतर त्याच्या आतड्यात वाढू लागलेले पट्टकृमी शोधून काढले. आजच्या नीतिनियमांत अशा प्रयोगाला मुळीच थारा मिळाला नसता. पण त्यामुळे कृमीच्या चक्राचा अर्धा भाग तरी स्पष्ट झाला.

मेंदूचा संबंध येतो तो उरलेल्या अर्ध्या भागाशी. विष्ठेतील अंडी डुकराऐवजी माणसाच्याच पोटात गेली, तर निसर्गाच्या लेखी तो माणूस डुकराच्या जागी येतो. अंड्यांतून बाहेर पडलेले जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि स्नायू, त्वचेखालील भाग, डोळे किंवा मेंदू येथे मुक्काम ठोकतात. येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. कच्चे मांस खाल्ल्याने पोटात पट्टकृमी होतो. मेंदूत पुटी होते ती मात्र अंडी पोटात गेल्याने. या दोन गोष्टींची गल्लत हेच या आजाराविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

मरताना त्रास देणारा जीव

मेंदूत बसलेली पुटी साधारणतः पाच ते दहा मिलिमीटर आकाराची असते. आतील अळी जिवंत आहे तोवर ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेला चकवा देत राहते. म्हणूनच कित्येक वर्षे रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे अळी अशक्त होऊन मरू लागली की तिचे हे कवच गळून पडते. रोगप्रतिकारक पेशी तिच्यावर तुटून पडतात, भोवतालच्या मेंदूला सूज येते आणि त्या सुजेमुळे मेंदूतील विद्युतप्रवाह बिघडून फिट येते. थोडक्यात, हा पाहुणा राहताना गप्प असतो आणि जाताना गोंधळ घालतो.

स्कॅनमध्ये या साऱ्या अवस्था क्रमाने ओळखता येतात. जिवंत पुटी काळ्या गोल पोकळीसारखी दिसते आणि तिच्यात अळीच्या डोक्याचा पांढरा ठिपका असतो. अळी मरू लागली की शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे पुटीच्या भोवती उजळ कडे उमटते आणि बाहेर सुजेचा पट्टा दिसतो. नंतर कडे आक्रसून लहान गाठीसारखे होते. शेवटी एक तर ते पूर्णपणे नाहीसे होते किंवा त्या जागी चुन्याचा पांढराशुभ्र कण उरतो. अळीचे डोके आणि सूज एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात, तर चुन्याचा कण सीटी स्कॅनमध्ये चांगला टिपला जातो. त्यामुळे एक तपासणी महाग म्हणून श्रेष्ठ आणि दुसरी स्वस्त म्हणून कनिष्ठ, असे समजण्याचे कारण नाही.

संसर्ग आणि पहिली फिट यांच्यात किती काळ जाऊ शकतो, याचा दाखला भारताशीच निगडित आहे. ब्रिटिश राजवटीत येथे नोकरी करून मायदेशी परतलेल्या अनेक सैनिकांना पुढे फिट येऊ लागल्या. त्यांच्यासह एकूण ४५० रुग्णांचा डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी केलेला अभ्यास १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांना संसर्गानंतर सात वर्षांच्या आत त्रास सुरू झाला होता; परंतु काहींच्या बाबतीत हा काळ तीस वर्षांपर्यंत लांबला होता. म्हणूनच रुग्णाने ‘गेल्या आठवड्यात काय खाल्ले’ याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

नाहीशा होणाऱ्या गाठींचे कोडे

मेंदूचे काप घेतल्यासारखे चित्र दाखविणारे सीटी यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र भारतात रुळू लागले, तसे येथील मेंदूविकारतज्ज्ञांसमोर एक वेगळेच कोडे उभे राहिले. फिट आलेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसे उजळ कडे दिसे. पाश्चात्त्य देशांतील पुस्तकांत त्याचे नेमके वर्णन सापडत नसे.

भारत हा क्षयाचा देश असल्याने ही क्षयाचीच गाठ असणार, असा तर्क साहजिक होता. त्यानुसार अनेक रुग्णांना क्षयाची औषधे दीर्घकाळ दिली गेली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढल्यावर गाठ नाहीशी झालेली दिसे आणि निदान बरोबर ठरल्याचे समाधान मिळे. मात्र क्षयाची औषधे न घेतलेल्या रुग्णांच्या गाठीही तशाच विरू लागल्या, तेव्हा या समाधानाला तडा गेला. दिल्लीतील डॉ. पी. के. सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आपोआप दिसणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या गाठींची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. औषधाने गाठ गेली की आपली आपणच गेली, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

त्याचे उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून आले. तेथील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या गाठींचा पट्टकृमीच्या अळीशी असलेला संबंध पुढे आला. त्यानंतर राजशेखर आणि चांडी यांनी शस्त्रक्रिया न करता अशी गाठ ओळखण्यासाठी साधे निकष मांडले. रुग्णाला फिट आलेली असावी. मेंदूतील दाब वाढल्याची लक्षणे नसावीत. हातापायांतील कमजोरी वाढत जाणारी नसावी. शरीरात अन्यत्र क्षयासारखा आजार नसावा. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान असावी. आणि सुजेमुळे मेंदूचा मध्य सरकलेला नसावा.

या निकषांचे महत्त्व एवढ्यासाठी की, त्यांतील निम्म्याहून अधिक स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ते रुग्णाला विचारून आणि तपासूनच कळतात. चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते एकट्याने बोलत नाही. तेच कडे ठणठणीत तरुणाच्या मेंदूत दिसले तर एक अर्थ होतो आणि महिनाभर ताप, वजनात घट, सततची डोकेदुखी असलेल्या रुग्णाच्या मेंदूत दिसले तर दुसरा. क्षयाची गाठ बहुधा मोठी आणि वेड्यावाकड्या कडांची असते. तरीही लहान गाठींच्या बाबतीत शंका उरू शकते. अशा वेळी काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी पुन्हा काढलेला स्कॅनच उलगडा करतो. रक्ताच्या तपासणीवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. कारण मेंदूत एकच पुटी असेल तर ती तपासणी अनेकदा निगेटिव्ह येते.

मुंबईतील ‘पैलवान’ रुग्ण

एक पुटी हा या आजाराचा सौम्य चेहरा. त्याचा उग्र चेहरा मुंबईतील डॉ. नोशीर वाडिया यांनी जगापुढे आणला. जे. जे. रुग्णालय आणि पुढे जसलोक रुग्णालय येथे काम केलेले डॉ. वाडिया (१९२५-२०१६) हे भारतीय मेंदूविकारशास्त्राच्या पायाभरणीतील मोठे नाव. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला. डॉ. वाडिया, देसाई आणि भट्ट यांचा ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात १९८८ साली प्रसिद्ध झालेला लेख शरीरभर पसरलेल्या पुटींविषयी होता.

अशा रुग्णांचे दर्शनच चकविणारे असते. दंड, खांदे, मांड्या आणि पोटऱ्या पैलवानाप्रमाणे फुगलेल्या दिसतात. परंतु ते बळ नसते. स्नायूंमध्ये खच्चून भरलेल्या असंख्य पुटींमुळे तो फुगवटा आलेला असतो. त्याच्या जोडीला आटोक्यात न येणाऱ्या फिट आणि हळूहळू ढासळणारी स्मरणशक्ती व वागणूक. त्यांच्या मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये ठिकठिकाणी पुटी दिसतात. मात्र एवढ्या पुटी असूनही अर्धांगवायूसारखी ठळक लक्षणे बराच काळ नसतात, हे या आजाराचे आणखी एक वैचित्र्य.

या लेखातील सर्वांत मोलाचा इशारा उपचाराविषयी होता. प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध त्या वेळी नवे होते आणि त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. परंतु शेकडो पुटी असलेल्या रुग्णाला ते दिले की एकाच वेळी अनेक अळ्या मरू लागतात, सूज उसळते आणि जीव धोक्यात येऊ शकतो. कृमी आहे म्हणून कृमिनाशक द्यावे, हा वरकरणी सरळ वाटणारा विचार येथे घातक ठरू शकतो, हे मुंबईच्या या अनुभवाने दाखवून दिले.

याच धोक्याची आठवण मार्च २०१९ मध्ये पुन्हा जगाला झाली. अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने फरिदाबाद येथील एका अठरा वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूची एमआरआय छायाचित्रे प्रसिद्ध केली. मोठ्या मेंदूपासून मेंदूच्या देठापर्यंत सर्वत्र पुटी विखुरलेल्या होत्या. उजव्या डोळ्यावरही सूज होती. सूज वाढण्याच्या भीतीने डॉक्टरांनी कृमिनाशक औषध दिले नाही. सूज कमी करणारी आणि फिट रोखणारी औषधे दिली. तथापि दोन आठवड्यांनी रुग्णाचा मृत्यू झाला. ती छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली आणि त्यांनी अनेकांची झोप उडवली. वाचकांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की, असा रुग्ण हा अपवाद आहे. भारतात बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत एकच पुटी आढळते आणि त्यांची प्रकृती चांगली सुधारते.

शाकाहाऱ्याला कसा होतो?

‘आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, मग हा आजार कसा?’ हा प्रश्न डॉक्टरांना वारंवार ऐकावा लागतो. उत्तर वर आलेच आहे. मेंदूतील पुटी मांसातून येत नाही. ती पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंड्यांतून येते. ही अंडी सांडपाण्यावर वाढविलेल्या भाज्यांतून, अशुद्ध पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून कोणाच्याही ताटात येऊ शकतात. त्यांना जात, धर्म अथवा आहार कळत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा न्यूयॉर्कमधून मिळाला. डुकराचे मांस कटाक्षाने वर्ज्य मानणाऱ्या तेथील सनातनी ज्यू समाजातील एकमेकांशी संबंध नसलेल्या चार जणांना हा आजार झाल्याचे आढळले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संशोधकांनी माग काढला, तेव्हा लॅटिन अमेरिकेतून आलेल्या आणि त्यांच्या घरी स्वयंपाकपाणी करणाऱ्या घरकामगारांपर्यंत तो पोहोचला. स्वयंपाकघरातील अन्न नियमाप्रमाणे शुद्ध होते. अंडी आली ती हातावाटे. यात त्या कामगारांना दोष देण्यासारखे काही नव्हते. आपल्या पोटात कृमी असल्याचे अशा माणसाला बहुधा ठाऊकही नसते. घरात एखाद्याच्या मेंदूत पुटी आढळली तर घरातील इतरांची शौचतपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने.

आपल्याकडे ‘कोबीतील अळी मेंदूत जाते’ ही समजूत खोलवर रुजली आहे. फ्लॉवर किंवा कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी ही फुलपाखराची अथवा पतंगाची अळी असते. तिचा मेंदूच्या या आजाराशी काडीचाही संबंध नाही. धोका असलाच तर पानांच्या पदरांत अडकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा असतो. कोबी शिजवून खाल्ला तर तो धोकाही उरत नाही. कच्ची कोशिंबीर, कोथिंबीर, गाजर, मुळा हे मात्र वाहत्या स्वच्छ पाण्यात चोळून धुतल्याखेरीज खाऊ नये. अळी दिसली म्हणून भाजी फेकणारे आणि ती दिसली नाही म्हणून न धुताच खाणारे, दोघेही चुकतात.

उपचारात घाई नको, हयगयही नको

पहिला उपचार फिटचा. फिट रोखणारी गोळी नियमाने, ठरल्या वेळी घेणे हा त्याचा पाया आहे. बरे वाटू लागले म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून औषध मध्येच तोडले तर फिट अधिक जोराने परतू शकते. एकच पुटी असेल, ती पूर्णपणे विरली असेल आणि पुन्हा फिट आली नसेल, तर डॉक्टर काही काळाने औषध हळूहळू बंद करू शकतात. जागी चुन्याचा कण उरला असेल तर फिट पुन्हा येण्याची शक्यता वाढते आणि औषध अधिक काळ घ्यावे लागते. म्हणजेच ‘मिरगी झाली, आता जन्मभर गोळ्या’ हे समीकरण प्रत्येकाला लागू पडत नाही.

दुसरा उपचार कृमीचा. अल्बेंडाझोल हे औषध अनेक रुग्णांत एक ते दोन आठवडे, सूज रोखणाऱ्या स्टिरॉइड औषधाच्या संरक्षणाखाली दिले जाते. तत्पूर्वी डोळ्यांची तपासणी आवश्यक असते. कारण डोळ्यात पुटी असेल तर तेथील सुजेने दृष्टी जाऊ शकते. मेंदूत असंख्य पुटी आणि मोठी सूज असेल तर हे औषध टाळले जाते. ‘जंताचीच तर गोळी आहे’ असे म्हणून दुकानातून ती आणून हा उपचार घरी करणे म्हणूनच धोक्याचे. शाळांमधून राष्ट्रीय जंतनाशक दिनी दिली जाणारी गोळी याच औषधाची असली तरी तो एकाच मात्रेचा, आतड्यातील जंतांसाठीचा कार्यक्रम आहे. या माहितीमुळे त्याला भिण्याचे कारण नाही.

रुग्णाच्या कुटुंबाने एक साधी गोष्ट पाळल्यास पुष्कळ हानी टळू शकते. प्रत्येक स्कॅनची फिल्म आणि अहवाल तारखेनुसार एका पिशवीत जपून ठेवावेत. या आजारात एका चित्रापेक्षा दोन चित्रांमधील फरक अधिक सांगतो. जुनी फिल्म हरवली की तो फरकही हरवतो.

फिट आली तर काय करावे?

फिट येत असताना रुग्णाला एका कुशीवर वळवावे. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू, चूल, पाणी यांपासून त्याला दूर ठेवावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल, लोखंड यांनी फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. पाच मिनिटांहून अधिक काळ फिट चालू राहिली, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली किंवा ती पाण्यात असताना आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. फिट चालू असतानाचे मोबाइलवरील चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मात्र ते चित्रण गावभर फिरविणे हा रुग्णावर अन्याय आहे.

भूतबाधेच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे, साखळीने बांधणे किंवा चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. फिट म्हणजे वेड नव्हे, हेही कायद्याने मान्य केले आहे. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ मधील दुरुस्तीने वगळण्यात आला. तरीही सोयरीक जुळविताना मुलीची एक जुनी फिट लपविली जाते, लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात आणि व्हायचे तेच होते. जी पुटी कधीच विरून गेली, तिची लाज मात्र आयुष्यभर चिकटून राहते.

औषधाच्या पलीकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, ज्या भागांत या पट्टकृमीचा प्रादुर्भाव आहे, तेथील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये हे कारण असू शकते. तमिळनाडूतील वेल्लोर जिल्ह्यात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही सुमारे एक तृतीयांश रुग्णांमागे हाच आजार आढळला होता. अपस्माराची इतर कित्येक कारणे माणसाच्या हाती नाहीत. हे कारण मात्र टाळता येण्याजोगे आहे.

ते कसे टाळता येते, याचे उदाहरण पेरू या देशाने घालून दिले. तेथील उत्तर भागात माणसांना कृमिनाशक औषध, डुकरांवर उपचार आणि डुकरांना लस अशी एकत्रित मोहीम राबविण्यात आली. १०७ पैकी १०५ गावांत कृमीचा प्रसार थांबल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. डुकरांसाठीची अशी लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीने तयार केली आहे. म्हणजे साधन परदेशात शोधण्याचीही आवश्यकता नाही.

महाराष्ट्राला या मार्गाचे वावडे नसावे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने राज्यात २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शौचालयांचा प्रश्न गावाच्या चावडीवर आला. परंतु शौचालय बांधणे आणि ते घरातील प्रत्येकाने वापरणे यांत अंतर आहे. तसेच शौचालयाचे सांडपाणी उघड्या नाल्यात, नाला भाजीच्या शेतात आणि मोकाट डुकरे या दोहोंत, अशी स्थिती असेल तर कृमीचे चक्र तुटत नाही. हे चक्र खेड्यात सुरू झाले तरी भाजीच्या गाडीबरोबर शहरातील बंद सदनिकेपर्यंत पोहोचते. शहरातील वाचकाने हा खेड्यातला आजार मानून पान उलटू नये, ते यासाठीच.

पहिली फिट आलेल्या माणसाला वेळेवर स्कॅन, तो वाचू शकणारा डॉक्टर आणि तुटक न पडणारी औषधे मिळाली, तर त्यातील बहुतेक जण पुन्हा शेतात, दुकानात, शाळेत परततात. स्कॅनमधील कडे काही महिन्यांत पुसले जाते. ते पुन्हा दुसऱ्या कोणाच्या मेंदूत उमटू नये यासाठीचे काम मात्र रुग्णालयात होत नाही. ते हात धुण्याच्या साबणापासून गावाच्या गटारापर्यंत पसरलेले आहे.